शालनच्या शेताची वारस नोंद

शालनचा फोन फुगायला लागला तेव्हा मी तो आधी पंख्याखाली ठेवला. माणसाचं पोट फुगलं तर ओवा देता येतो, फोनला काय द्यायचं हे मला माहीत नव्हतं. मागचं झाकण सुटलं होतं आणि काच एका अंगानं वर आली होती. मी तिच्याच वेणीचं एक रबर घेऊन त्याला दोन वेढे दिले. विट्याच्या स्टँडजवळच्या मोबाईलवाल्यानं लांबूनच बघितलं. बॅटरी फुगली आहे म्हणाला, ह्या मॉडेलची बॅटरी आता मिळत नाही, आणि कृपा करून हा फोन माझ्या काउंटरवर ठेवू नका.

नुसता फोन गेला असता तर मला काही वाटलं नसतं. पण फोनात शालनचं शेत होतं.

हे शेत खेळातलं. 'माझं शिवार' असं त्या खेळाचं नाव आहे. त्यात आपण पेरायचं, पाणी द्यायचं, कापणी करायची, जनावरांना चारा घालायचा आणि माल गाडीत भरून बाजारात पाठवायचा. शालनला हा खेळ कोइमतूरला लागला. तिथं माझं गलाईचं दुकान होतं. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देणं. आमच्या विट्याकडची माणसं देशभर हेच करत बसलेली आहेत. मी दुकानात असायचो आणि ती दुपारभर, जिथली भाषा येत नाही अशा गावात, एकटी घरी. तिनं शेत धरलं ते धरलंच. दुकान मुलाच्या हातात देऊन आम्ही विट्याला परत आलो तरी तिचं शेत चालूच राहिलं.

संक्रांतीनंतर ती गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी आतल्या खोलीत गाय हंबरली. आमच्याकडं गाय नाही. मी काठी घेऊनच आत गेलो. पलंगावर तिचा फोन पडला होता आणि त्यातली गाय उपाशी होती. मी चष्मा लावला, चारा कुठं आहे ते शोधलं आणि घातला. तेव्हापासून रोज घालतो. सकाळी उठून काहीतरी करायला लागतं, हे ज्याचं घर रिकामं झालंय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या मुलानं, शिवतेजनं, मध्यंतरी कोइमतूरहून मला आयफोन पाठवला होता. तो मी कपाटात ठेवला होता, कारण त्याला हात लावायची भीती वाटायची. आता तोच बाहेर काढला.

माझा हिशेब सरळ होता. मी जन्मभर सोनं वितळवलं. अंगठी असो, पाटली असो, मुशीत गेली की सगळ्याचा एकच रस होतो आणि तो पाहिजे त्या साच्यात ओतता येतो. तसंच शेत जुन्या फोनातून नव्या फोनात ओतायचं. आयफोनवर मी तोच खेळ घेतला आणि उघडला. समोर मोकळं माळरान आलं. वर लिहिलं होतं, 'स्वागत आहे, नवीन शेतकरी.' माझं वय, माझे पांढरे केस, गावात मला आण्णा म्हणतात ते सगळं बाजूला, आणि हा मला नवीन म्हणतोय. जुन्या फोनात मात्र शालनचं शेत जिथल्या तिथं होतं. ऊस होता, स्ट्रॉबेरी होती, कॉफी होती, शेळ्या होत्या. मी दोन्ही फोन पाठीला पाठ लावून ठेवले. काहीही ओतलं गेलं नाही.

आमच्या शेजारी धनाजी सुभेदार राहतात. फौजेतून निवृत्त झालेत, पण त्यांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. दुधाची पिशवी फुटली तरी ते आधी परिस्थितीचा आढावा घेतात. त्यांनी दोन्ही फोन एका बोर्डावर चार्जिंगला लावायला सांगितले, म्हणजे त्यांचा आपसात कॉन्टॅक्ट होईल. कॉन्टॅक्ट झाला नाही, बोर्डाचा फ्यूज गेला. समोरच्या रंगुबाईंनी फोनवरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकायला सांगितलं, कारण शालनचं शेत इतकं हिरवं असल्यावर नजर लागणारच. मीठ-मोहऱ्याही झाल्या. एक मोहरी आयफोनच्या चार्जिंगच्या भोकात गेली. ती टाचणीनं काढता काढता माझा एक दिवस गेला आणि सुभेदार शेजारी टॉर्च धरून बसले.

मग सुभेदार म्हणाले, वरच्या ऑफिसला लिहिल्याशिवाय खालचा हलत नाही, कंपनीला लिहा. मला इंग्रजी येत नाही, पण फोनला मराठीत सांगितलं की तो इंग्रजी करून पाठवतो, आणि उत्तर आलं की त्याचं मराठी करून दाखवतो. मी सांगितलं, माझी पत्नी गेली, तिचं शेत मला नवीन फोनवर पाहिजे. कंपनीनं लगेच उत्तर दिलं. आपण कळवल्याबद्दल आभार, पत्नी परत आल्यावर तिनं स्वतः विनंती करावी.

हे वाचून मी थोडा वेळ ओट्यावर जाऊन बसलो. कंपनीचा काही दोष नव्हता. आपणच असं बोलतो.

पुन्हा लिहिलं, माझी पत्नी वारली. हा शब्द मी तोपर्यंत कुणाजवळ काढला नव्हता. कंपनीचं उत्तर आलं की आमच्या खेळात सध्या वारली चित्रकलेची सोय नाही, तरी आपली सूचना संबंधितांकडे पाठवत आहोत. सुभेदारांनी ते दोनदा वाचलं आणि टोपी काढून ठेवली. शेवटी मी तलाठ्याच्या भाषेत लिहिलं की शेतजमीनधारक मयत आहे. तेव्हा कुठं कंपनीला उमजलं. 'खातेदार मयत असल्यास कायदेशीर वारसाने दाखला जोडून अर्ज करावा.'

खातेदार, मयत, वारस, दाखला. हे चार शब्द एका ओळीत आल्यावर आमच्या भागातल्या माणसाचे पाय आपोआप तलाठी ऑफिसकडं वळतात. माझेही वळले. सुभेदारांनी वाटेत एकच सूचना दिली. खेळाचं नाव काढू नका, ऑफिसात लोक असतात, हसतील. नुसतं शेत म्हणा. दाखला हातात पडला की मिशन फत्ते.

तलाठी मॅडम पंचनाम्याला गेल्या होत्या. टेबलाशी कोतवाल बिराप्पा बसला होता. त्यानं कागद ओढला आणि विचारायला सुरुवात केली. शेत कुणाच्या नावावर, तर बायकोच्या. गट नंबर, तर गट नाही. तो म्हणाला गट न्हाई असं शेत नसतंय, आण्णा. मी म्हणालो माझ्याकडं आहे ते असं आहे. क्षेत्र किती, तर एका नजरेत मावत नाही. पीक काय, तर ऊस आहे, थोडी कॉफी आहे आणि स्ट्रॉबेरी आहे.

बिराप्पाचं पेन थांबलं.

"स्ट्रॉबेरी म्हंजी पाचगणीकडं घेतलंय व्हय काकूंनी?"

मी खोटं बोलत नाही. त्या वेळी मी काहीच बोललो नाही, एवढंच. बिराप्पानं मान डोलावली, अर्ज आवक वहीत चढवला, त्यावर शिक्का मारला आणि सांगितलं की हे आपल्या सांगली जिल्ह्यात बसत नाही, साताऱ्याला जावं लागेल, तरी मॅडम आल्यावर बघतील.

मी वाटेत एक चहा घेतला. तेवढ्या चहात बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. शालनकाकींनी पाचगणीला गुपचूप जमीन घेऊन ठेवली होती. रंगुबाईंपर्यंत येईतो त्या जमिनीत बंगला झाला होता. बँकेतल्या साहेबानं मला रस्त्यात थांबून नमस्कार केला. ह्याआधी तो कधी करत नव्हता. वाईहून एका एजंटचा फोन आला. त्यानं विचारलं शेताला रस्ता आहे का. मी खरं ते सांगितलं की रस्ता आहे, पण त्यावर गाडी एकच येते आणि ती माल भरल्याशिवाय हलत नाही. तो म्हणाला, मग तर लय मोक्याची जागा आहे, दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका.

सांगलीच्या विश्रामबागेतून माझ्या मुलीचा, शिवांजलीचा फोन आला. तिला वाटा नको होता. आईनं एवढी गोष्ट सांगितली नाही ह्याचं तिला वाईट वाटलं होतं. पाठोपाठ कोइमतूरहून शिवतेजचा आला. त्यालाही वाटा नको होता. दोघांनीही शेवटी सहज म्हणून विचारलं की दुसऱ्या भावंडाचा फोन आला होता का. मी दोघांना खरं सांगितलं की शेत खेळातलं आहे, मी रोज त्याला पाणी देतो, गाईंना चारा घालतो. मग दोघंही लहान मुलाशी बोलतात तसं माझ्याशी हळू बोलायला लागले. आण्णा, तुम्ही तिथं एकटे राहू नका, इकडं या. शिवांजलीनं तर सांगलीतल्या एका डॉक्टरांची वेळही घेतली. पाचगणीला जमीन असलेला माणूस शहाणा ठरत होता आणि फोनात जमीन असलेला वेडा. मी खरं बोलणं तिथंच थांबवलं.

ह्या सगळ्यात जुना फोन आणखी फुगत चालला होता. वायर काढली की विझायचा आणि लावली की तापायचा. मी त्याला चुलीवरच्या दुधासारखा समोर बसून सांभाळायचो. तो एकदा बंद पडला की शेत गेलं, एवढंच मला कळत होतं.

अशात दादासो आला. दादासो म्हणजे शालनचा धाकटा भाऊ. कवठे महांकाळजवळ त्यांचं गाव आहे, द्राक्षबाग आहे. एरवी तो जीपमधून उतरायच्या आधी मोठ्यानं हाक मारतो. त्या दिवशी गप उतरला, ओट्यावर बसला, पाणी दिलं ते बाजूला ठेवलं.

इथं एक सांगायला पाहिजे. आमचे सासरे, आबा, गेल्यावर शालननं माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. बहिणींनी भावांना असं सही करून देणं आमच्याकडं रिवाजच आहे, कुणी त्याची चर्चा करत नाही. तिनंही केली नव्हती. सही केली, तहसीलच्या बाहेर सगळ्यांबरोबर भजी खाल्ली, आणि आम्ही कोइमतूरची गाडी धरली.

"दाजी, खरं सांगा," दादासो म्हणाला. "अक्कानं रागानं घेतली का जमीन?"

मी पाण्याचा तांब्या परत त्याच्यापुढं सरकवला.

"आमी सही घेतली म्हणून तिनं सोताचं शेत केलं का? तसं आसंल तर मला कळू द्या. मला झोप न्हाई."

ह्या माणसाला वाटा मागायचा असता तर मला सोपं गेलं असतं. मी आत गेलो, फोन वायरीसकट आणला, ओट्यावरच्या बोर्डात लावला आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, हे बघ तुझ्या अक्काचं शेत. ह्याच्यापलीकडं एक गुंठा नाही.

त्यानं आधी रबर बघितलं. मग आत बघितलं. बराच वेळ तो बोटानं शेत इकडून तिकडं सरकवत राहिला. मला वाटलं आता हा हसणार, किंवा चिडणार. तो म्हणाला, "ही आमची वरची पट्टी हाय."

मी चष्मा पुसला.

"ही बगा हीर. वायव्येला. हिकडं गोठा, तोंड पूर्वेला. हा वगळ, पावसाळ्यात पाणी व्हातं त्यो. हितं बांधावर चिंच होती, तिनं हितं दुसरं कायतरी झाड लावलंय. दाजी, आबांचं शेत हाय हे, जसंच्या तसं."

मी त्या घरचा जावई. मला ते शेत कधी कुणी फिरवून दाखवलं नव्हतं. मी तिकडं जायचो तो जेवायला. इतके दिवस त्या शेताला मी पाणी देत होतो आणि ते कुणाचं आहे हे मला माहीत नव्हतं. दादासोनं फक्त एक तक्रार केली. खाली ज्वारी पाहिजे होती, तिथं स्ट्रॉबेरी का आहे. मी सांगितलं की कंपनीकडं ज्वारी नाही. तो म्हणाला, कसली कंपनी ही.

त्यानंतर दादासो पाणी प्याला आणि उठला. म्हणाला चला तलाठ्याकडं, ह्याचं काय ते झालंच पाहिजे. सुभेदारही निघाले. फोन जीपच्या चार्जिंगला लावून आम्ही तो मांडीवर घेऊन नेला, आजाऱ्याला नेतात तसा.

तलाठी प्रांजल मॅडम ह्या खेपेला होत्या. वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांच्यापुढं माझा अर्ज होता आणि त्यावर शिक्क्यांची संख्या वाढली होती. मी म्हणालो, मला अर्ज मागं घ्यायचा आहे. त्या म्हणाल्या, मागं घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल आणि त्यात कारण द्यावं लागेल. ऑफिसात सात-बाऱ्यासाठी आलेली माणसं बाकावर बसली होती आणि पाचगणीच्या जमिनीचं काय होतंय ते ऐकायला सगळी गप्प होती. सुभेदारांनी मला डोळ्यानं खूण केली. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

"मॅडम, शेत खेळातलं आहे," मी म्हणालो. "मोबाईलच्या."

बाक हसला. मी समोरच्या कॅलेंडरकडं बघत उभा राहिलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माझं शिवार?"

मी मान हलवली. त्यांनी ड्रॉवर उघडला, स्वतःचा फोन काढला आणि जरा आवाज उतरवून विचारलं, काकूंची लेव्हल किती. मी म्हणालो चौऱ्याण्णव. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"चौऱ्याण्णव? आण्णा, मी एक्केचाळीसवर अडकलेय."

बाक एकदम शांत झाला. चौऱ्याण्णव म्हणजे काय हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं, पण मॅडम उठल्या हे सगळ्यांनी बघितलं होतं. मी शर्टाची कॉलर नीट केली. गेल्या कित्येक दिवसांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. हा खेळ दोन दप्तरं ठेवतो. अँड्रॉइड फोनांचं एक आणि आयफोनांचं एक. एका दप्तरातलं शेत दुसऱ्यात जात नाही. तो कंपनीचा नियमच आहे, त्याला वारस दाखला लावा नाहीतर राष्ट्रपतींचं पत्र लावा. पण एका अँड्रॉइडमधून दुसऱ्या अँड्रॉइडमध्ये ते सहज जातं, त्याला अर्ज लागत नाही. आणि शेजार मात्र कुणाचाही कुणाशी लागतो.

"म्हणजे शेत हलत नाही, पण बांधाला बांध लागतो," मॅडम म्हणाल्या.

मी मनात ठरवून टाकलं. स्टँडवरून एक साधा अँड्रॉइड घ्यायचा, शेत त्यात घालायचं, आयफोन परत कपाटात. सकाळच्या गाई माझ्याकडंच राहतील. एवढ्यात बघतो तर दादासोनं खिशातून त्याचा फोन काढला होता आणि तो शर्टाला पुसत होता. काच तडकलेली, पण अँड्रॉइड.

"दाजी, माज्यात घाला," तो म्हणाला. "तिनं मागितलं न्हाई, आमी दिलं न्हाई. आता ही पट्टी तरी मी तिच्या नावानं करतो."

मी लगेच हो म्हणालो नाही. ह्याचं मला वाईटही वाटत नाही. सकाळी उठून मी काय करणार हा प्रश्न माझा होता, त्याचा नव्हता. पण तो फोन हातात घेऊन उभा होता आणि पुसून झालेली काच परत पुसत होता. मी म्हणालो, घाल.

मॅडमनी त्याच्या फोनात शालनचं खातं लावलं. लगेच जुन्या फोनावर प्रश्न आला. कुणीतरी दुसऱ्या फोनवरून तुमचं खातं उघडत आहे, ते तुम्हीच आहात का. खाली दोन बटणं. 'हो, मीच आहे' आणि 'नाही'. सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाकावरची माणसंही उठून आली होती. मी 'हो, मीच आहे' दाबलं. शालनच्या वतीनं बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आमच्या घरात ते उलटं चालायचं.

दादासोच्या फोनात विहीर आली, गोठा आला, शेळ्या आल्या. गाय हंबरली. बिराप्पा म्हणाला झाली नोंद, आणि सवयीनं शिक्का उचलला. मॅडमनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

जुना फोन सुभेदारांनी फौजी पद्धतीनं वाळूच्या बादलीत ठेवला आणि बादलीजवळ जायला सगळ्यांना मनाई केली. दादासोनं फोन करून सगळं सांगितल्यावर सांगलीच्या डॉक्टरांची वेळ शिवांजलीनं रद्द केली. वाईच्या एजंटला मात्र अजून पटत नाही. त्याचा मधूनमधून फोन येतो, मी नाही म्हणालो की त्याला वाटतं भाव वाढवतोय.

मी आयफोनवर माझ्या नावानं शेत सुरू केलं. तीन वाफे आणि एक कोंबडी, एवढाच पसारा. एका बांधाला तलाठी मॅडम आहेत, दुसऱ्या बांधाला शालनचं शेत. दादासो बागेत औषध मारून झालं की तिकडं बसतो आणि मला फोन करून सांगतो की दाजी, हितं लय बरं हाय, हितं माल काढला की भाव पडत न्हाई. त्यानं शेतावरचं नाव बदललेलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, नाव कशाला बदलायचं, सही कुणी केलीय का.

त्यामुळं आता असं होतं की सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर बसतो आणि फोनावर अक्षरं येतात, 'शालनला तुमची मदत हवी आहे. पाच अंडी पाठवाल का?' मला माहीत आहे की तिकडं कवठे महांकाळजवळ दादासो बसलाय आणि त्याला केकची ऑर्डर पुरी करायची आहे. तरी मी ते दोनदा वाचतो. एवढ्या संसारात शालननं माझ्याकडं स्वतःहून कधी काही मागितलं नव्हतं.

कोंबडी एकच आहे. मी एक अंडं पाठवतो आणि बाकीच्यांसाठी तिच्याजवळ बसून राहतो.